ससा गाभण राहत नाही? मादी विकायच्या आधी हे सगळं तपासा

मादीला दोनतीनदा नर दाखवला, पिल्लं झाली नाहीत, की आपल्याकडे लगेच निकाल लागतो, मादी वांझ आहे, काढून टाका. ससेपालन करणाऱ्या कितीतरी जणांकडून हे ऐकलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा ती मादी चांगली धडधाकट असते आणि दोष नरात असतो, नाहीतर शेडच्या पत्र्यात, नाहीतर खुराकाच्या पोत्यात. म्हणून सगळं एका जागी लिहितोय. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट, कॅलिफोर्नियन हे आपल्याकडचे नेहमीचे वाण धरून लिहिलंय, डचसारखा लहान वाण असेल तर वयाचे आणि वजनाचे आकडे थोडे कमी धरा, बाकी सगळं तेच.

"ससे ब्रीडच होत नाहीत" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. नेमकं कुठं अडतंय ते आधी बघा. मादी नराला जवळच येऊ देत नाही का? मेटिंग होतं पण गाभ राहत नाही का? गाभ होता आणि मधेच गेला का? की व्यायली, पण पिल्लं जगली नाहीत? ही चार वेगळी दुखणी आहेत आणि चारींची कारणं वेगळी, त्यामुळे उपायही वेगळे. आणि हे कळायला वही लागते, डोक्यात ठेवून जमत नाही. प्रत्येक पिंजऱ्याला एक कार्ड अडकवा, त्यावर मादीचा नंबर, कोणता नर लावला, तारीख, सकाळ की संध्याकाळ, नर नीट पडला का (म्हणजे मेटिंग पूर्ण झालं का), पोट कधी तपासलं, काय लागलं, व्यायली कधी, जिवंत किती, मेलेली किती. दोन महिने असं लिहिलं की कार्डं शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाच नराच्या सगळ्या माद्या रिकाम्या दिसतील, किंवा एप्रिलनंतर भरवलेल्या, म्हणजे नराला लावलेल्या, सगळ्याच रिकाम्या दिसतील, किंवा खरंच एकच मादी तीन वेगळ्या नरांकडे जाऊन रिकामी असेल. त्या शेवटच्या मादीबद्दल विचार करायला हरकत नाही, बाकीच्यांवर अन्याय करू नका.

जोडी खरंच जोडी आहे का

हे इतकं साधं आहे की कुणी तपासतच नाही. दोन-अडीच महिन्यांची पिल्लं "नर-मादी जोडी" म्हणून आणतात आणि सहा महिने वाट बघितल्यावर कळतं की दोन्ही माद्या आहेत. एकमेकींवर चढताना दिसतात म्हणून मेटिंग होतंय असंही वाटत राहतं, पण माद्याही एकमेकींवर चढतात. सशाला मांडीवर उताणा धरा, शेपटी मागे घ्या आणि मूत्रमार्गाच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी अगदी हलकं दाबा. मादीत उभी चीर दिसते, शेपटीकडे जाणारी, नरात गोल नळीसारखा भाग बाहेर येतो. मोठ्या नरात पुढं दोन्ही बाजूंना लांबट अंडकोष दिसतात, साधारण तीन महिन्यांपर्यंत ते खाली उतरतात. पाच महिन्यांच्या नरात एकच अंडकोष दिसत असेल तर तो नर पैदाशीला ठेवू नका, तो दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो. दोन्ही नसतील तर त्याच्याकडून पिल्लांची अपेक्षाच नको. घाबरला किंवा गारठला की ससा अंडकोष वर ओढून घेतो, म्हणून निकाल द्यायच्या आधी शांतपणे परत एकदा बघा.

आणि गावाकडं एक विचारणा नेहमी येते, रानातला ससा पाळीव मादीला लावला तर पिल्लं काटक होतील का. होणारच नाहीत. आपल्या माळावरचा ससा ही जातच वेगळी आहे, पाळीव सशात ४४ गुणसूत्रं, रानसशात ४८, दोघांचा गाभ राहत नाही. शिवाय रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, पकडणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा आहे. त्याला रानातच राहू द्या.

मादी नराला जवळ येऊ देत नाही

पहिला नियम, मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. नराला मादीच्या पिंजऱ्यात कधीच सोडायचं नाही. मादी आपली जागा जपते, तिथं नर आला की चावते, पंज्यांनी ओरबाडते, नराच्या अंडकोषाला जखम झालेलीही असते आणि एकदा असा मार खाल्लेला नर पुढं मादी बघूनच कोपऱ्यात बसतो. शिवाय तिच्या पिंजऱ्यात सोडलेला नर आधी नवीन जागा हुंगत फिरतो, तेवढ्यात मादी चिडलेली असते. नराच्या पिंजऱ्यातून खाण्यापिण्याची भांडी आधी बाहेर काढा, खाली जाळीवर एखादा रबरी मॅट नाहीतर गोणपाट टाका, पाय घसरले की तो धड चढू शकत नाही.

गाई-म्हशीची सवय असलेल्या माणसाचा इथं मोठा घोटाळा होतो. गाय २१ दिवसांनी उलटली की कळतं, सशात तसलं ठरलेलं चक्रच नसतं. मादी सशात अंडी आपोआप सुटत नाहीत, नर लागल्यावर साधारण १० ते १२ तासांनी सुटतात. म्हणून तारीख मोजत बसण्यापेक्षा योनीचा रंग बघायचा. पांढरट किंवा फिकट गुलाबी आणि कोरडी असेल तर मादी बहुतेक वेळा नराला नाकारते. लालसर, सुजलेली, ओलसर दिसली की घेऊन जा, हीच वेळ. जांभळट काळपट झाली असेल तर चांगला काळ संपत आलाय, तरी एकदा दाखवून बघा. आज फिकट असेल तर दोन दिवसांनी परत बघा, चार दिवसांनी परत, कारण दोनेक आठवड्यांत बहुतेक दिवस ती तयार असते आणि मधे थोडे दिवस नसते. तयार मादी पाठ सपाट करते, मागचा भाग उचलते, शेपूट बाजूला घेते. नको असेल तर कोपऱ्यात शेपूट दाबून बसते, कुरकुरते. दहा मिनिटांत काही झालं नाही तर बाहेर काढा, रात्रभर सोडून देऊ नका, भांडणात दोघांपैकी एकाला इजा होते आणि मेटिंग कधी झालं ते कळत नाही ते वेगळंच.

सारखी नाकारत असेल तर एक उपाय चांगला चालतो. मादीला एक रात्र नराच्या पिंजऱ्यात ठेवायचं आणि नराला तिच्या पिंजऱ्यात, म्हणजे अदलाबदल, दोघं वेगवेगळे. सकाळी मादीला तिथंच राहू देऊन नर परत आणायचा, नराच्या वासात रात्र काढलेली मादी बऱ्याचदा मान्य करते. हाताने धरून मदत करता येते, एका हाताने खांदे आणि दुसऱ्या हाताने पोटाखालून मागचा भाग थोडा उचलून, पण ओरडत असताना दाबून धरणं, दोरीनं बांधणं हे करू नका. मादीला त्रास होतो आणि नुसती जबरदस्ती करून गाभ राहत नाही.

आता नाकारण्यामागची कारणं. वय बघा, मध्यम वाणाची मादी ५ ते ६ महिन्यांची आणि अडीच-तीन किलोच्या घरात आली की पहिल्यांदा भरवायची, नर ६ ते ७ महिन्यांचा. चौथ्या महिन्यात घाई करणारे आहेत, मादीची वाढ तिथंच थांबते. उलट दीड वर्षापर्यंत कोरी ठेवलेली मादी लठ्ठ होते आणि मग गाभ धरायला त्रास देते. केस गळती चालू असेल तर शरीराची सगळी ताकद तिकडं जाते, ते संपू द्या. आणि उजेड, सशाच्या पैदाशीला दिवसाला १४ ते १६ तास उजेड चांगला, आपल्याकडं डिसेंबरात दिवस ११ तासांवर येतो, त्यामुळे थंडीत हवा छान असूनही काही माद्या सुस्त होतात. शेडमध्ये पहाटे आणि संध्याकाळी साधा एलईडी बल्ब लावून तेवढे तास भरून काढा, रोज एकाच वेळी चालू-बंद, मनाला येईल तसं नको.

लठ्ठपणा हे माझ्या मते आपल्याकडचं सगळ्यात दुर्लक्षित कारण. प्रेमापोटी खुराक वाटीभर जास्त टाकला जातो आणि ती चरबी पोटात अंडाशयाभोवती साठते. पाठीच्या कण्यावरून हात फिरवा, मणके अजिबात लागत नसतील तर मादी जाड झालीय, टोचत असतील तर बारीक आहे, मऊ थराखाली मणके जाणवले पाहिजेत. गाभण नसलेल्या मोठ्या मादीला दिवसाला साधारण १०० ग्रॅम खुराक आणि २५० ते ३०० ग्रॅम हिरवा-वाळला चारा पुरतो, गाभण आणि दूध पाजणारीला खुराक १५० ग्रॅमपर्यंत, आणि पिल्लं जास्त असतील तर त्याहूनही वर. जाड मादीचा खुराक हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत उतरवा आणि चारा वाढवा. एकदम उपाशी ठेवू नका. आणि गाभण असेल तर तेव्हा डाएट नकोच, जाड गाभण मादीचं खाणं शेवटच्या आठवड्यात तुटलं तर रक्तात विषारी घटक वाढून ती दगावू शकते.

चाऱ्यात लसूण घास, दशरथ घास, शेवग्याचा पाला, गिन्नी गवत, हरळी चांगली. सुबाभूळ मात्र बेतानं, त्यात मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, रोज भरपूर घातली तर केस गळतात आणि पैदाशीवर परिणाम होतो. बांधावर फुकट मिळते म्हणून सगळा चारा तोच, असं कित्येक ठिकाणी चालतं.

मेटिंग होतं पण गाभ राहत नाही

इथं पहिला संशय नरावर घ्यायचा. एका मादीनं गाभ धरला नाही तर एक वेत गेलं, एक नर बिघडला तर आठ-दहा माद्यांची वेतं जातात, साधा हिशेब आहे, तरी कुऱ्हाड मादीवरच पडते.

मेटिंग झालं हे कशावरून म्हणताय ते आधी बघा. नर चढला, हलला आणि उतरला, एवढ्यानं होत नाही. खरं मेटिंग झालं की नर बाजूला किंवा मागं धाडकन पडतो, बऱ्याचदा चिरका आवाज काढतो, क्षणभर तसाच पडून राहतो. हे डोळ्यानं बघितल्याशिवाय कार्डावर लिहू नका. तो मादीच्या तोंडाकडून चढतोय का, शेपूट मधे येतेय का, मादी खूप मोठी आणि नर बुटका आहे का, हेही तिथं उभं राहूनच कळतं. बरेच दिवस मोकळा असलेला नर असेल तर पहिल्या वेळी जुने, निकामी झालेले शुक्रजंतू जास्त असतात, म्हणून अर्ध्या-एक तासाने किंवा ८ ते १२ तासांनी त्याच नराकडे मादी परत दाखवा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, ही सवय ठेवली तर गाभ राहायचं आणि पिल्लांच्या संख्येचं, दोन्हीचं काम सुधारतं. उलट नरावर जास्त भारही नको, आठवड्यात दोन ते तीन दिवसच वापरा, ८ ते १० माद्यांमागे एक नर असं प्रमाण ठेवा आणि एक नर जादा बाळगा.

आता उन्हाळा, कारण महाराष्ट्रात सगळ्यात जास्त वेतं यानंच जातात. सशाला १५ ते २५ अंश मानवतं. त्याला घाम येत नाही म्हणण्याइतका कमी येतो, उष्णता बाहेर टाकायला कान आणि श्वास एवढंच. ३० अंशांच्या वर दिवसचे दिवस तापमान राहिलं की नराचं वीर्य पातळ होत जातं आणि ३५ च्या पुढं काही नर तात्पुरते पूर्ण निकामी होतात. वरून नर अगदी ठणठणीत दिसतो, चढतो, पडतो, आवाज काढतो, सगळं करतो आणि मादी रिकामी राहते. मग मृगाचा पाऊस पडतो, हवा गार होते, आपण खूश होऊन सगळ्या माद्या भरवतो आणि तरी गाभ नाही, कारण नवीन शुक्रजंतू तयार होऊन बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. मे महिन्याची भट्टी जुलैपर्यंत नडते. ज्यांनी जूनमध्ये माद्या वांझ ठरवून विकल्या त्यांना मी हे दर वेळी सांगतो, ऑगस्टपर्यंत थांबा, मग बोला.

सोलापूरकडच्या एका शेडमध्ये हे जवळून बघायला मिळालं. तीन मजली पिंजरे, वर उघडा पत्रा, आणि जागा वाचवायला नर वरच्या मजल्यावर. दुपारी त्या वरच्या जाळीवर हात ठेवला तर चटका बसत होता, नर आडवे पसरलेले, कान गरम, नाकपुड्या भराभर हलतायत, पाणी प्यायचं निपलही तापलेलं. खालच्या मजल्यावर माद्या बऱ्यापैकी निवांत होत्या. त्या मालकानं फक्त एवढं केलं की नर खालच्या मजल्यावर आणले, पत्र्यावर उसाचं पाचट जाड अंथरलं आणि पाइपलाइनवर सावली केली, औषध कसलंच नाही. दोनेक महिन्यांनी त्याच माद्या त्याच नरांपासून गाभण राहिल्या.

म्हणून नर नेहमी शेडच्या सगळ्यात गार जागी ठेवा. शेडची लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन आत कमी येतं. पत्र्याला वरून चुना मारा, पाचट किंवा झावळ्या टाका. विदर्भ-मराठवाड्यात हवा कोरडी असते तिथं ओलं गोणपाट बाजूला लावून, फॉगर लावून फरक पडतो, कोकणात किंवा गोव्यात तेच केलं तर नुसता दमटपणा वाढतो, तिथं पंखा आणि मोकळी हवा हाच उपाय. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून नराच्या पिंजऱ्यात आडवी ठेवली तर तो तिला टेकून बसतो, दुपारची कडक वेळ निभावते. मेटिंग पहाटे करा. आणि नागपूर-चंद्रपूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात साधी शेड असेल तर मेटिंगच बंद ठेवा, मादीलाही गाभण अवस्थेत ४४ अंश सोसायला लावू नका.

ऊन नाही, नर नवीन नाही, तरी गाभ नाही, तेव्हा नराला उताणा करून नीट बघा. लिंगाभोवती केसांचा वेढा बसलेला असतो कधीकधी, जखम असते, अंडकोष एक मोठा-एक लहान, गरम किंवा कडक असतो. जननेंद्रियावर, नाकावर, ओठांवर खपल्या दिसल्या तर तो सशांचा सिफिलिस असू शकतो. तो माणसाला होत नाही पण एका नराकडून सगळ्या माद्यांना जातो, तेव्हा मेटिंग लगेच थांबवा आणि डॉक्टरांकडून इंजेक्शनचा कोर्स सगळ्या संपर्कातल्या सशांना करून घ्या, एकट्या नराला करून उपयोग नाही. सर्दी असलेला, पुढचे पंजे नाक पुसून चिकट झालेला नरही वापरू नका, तेच जंतू अंडकोषात आणि मादीच्या गर्भाशयात जाऊन पू करतात. मादीच्या योनीतून पांढरट-पिवळा घट्ट स्राव येत असेल तर गर्भाशयात पू असू शकतो, ती मादी कुठल्याही नराकडे नेऊ नका. लघवी मात्र सशाची मुळातच गढूळ, कधी तांबूस असते, तिला घाबरू नका. तीन वर्षांच्या वरच्या मादीत गर्भाशयाचा कॅन्सर बराच आढळतो, तिला पैदाशीतून निवृत्त करणंच बरं.

खोटा गाभ वेगळाच. नर निकामी असला किंवा मादीवर दुसरी मादी चढली, तरी अंडी सुटतात, गाभ नसतो पण शरीराला वाटतं आहे. १६ ते १८ दिवस मादी नराला नाकारते आणि सतराव्या-अठराव्या दिवशी केस उपटून घरटं करायला लागते. लोक घाबरतात की वेळेच्या आधी वितेय. काही करू नका, फक्त तारीख लिहा, कारण हे ओसरलं की लगेच मादी चांगली तयार होते, तेव्हा तपासलेल्या नराकडे न्या. आणि चार महिन्यांच्या पुढच्या माद्या एकत्र कोंडू नका.

पोट तपासायला शिका

काही लोक गाभ आहे का हे बघायला मादी परत नराला दाखवतात. ही पद्धत सोडून द्या, गाभण मादीही कधी नर घेते आणि रिकामी कधी नाकारते. हाताने तपासणं बाराव्या ते चौदाव्या दिवशी करायचं. टेबलावर गोणपाट अंथरा म्हणजे मादीचे पाय घसरणार नाहीत, तिचं तोंड तुमच्याकडं, डाव्या हाताने खांद्यावरची सैल कातडी हलकी धरा, उजवा हात पोटाखाली मागच्या पायांच्या पुढं, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला. मादी पोट ताणून धरते तोवर नुसता हात ठेवून थांबा, सैल सोडलं की बोटं हळूच पुढं-मागं सरकवा. गाभ असेल तर बोराएवढ्या गोल, मऊ पण भरीव गाठी एका ओळीत लागतात आणि बोटातून निसटतात. लेंड्या त्याहून लहान, कडक आणि वर कण्याच्या बाजूला असतात. सुरुवातीला फरक कळणार नाही म्हणून एक खात्रीने रिकामी मादी आणि एक गाभण मादी लागोपाठ तपासत राहा, हाताला हळूहळू कळतं. चिमटीत दाबू नका, गर्भ मरतो. सोळाव्या दिवसानंतर गर्भ मऊ आणि मोठे होतात, मग आतड्यातून वेगळे ओळखणं अवघड जातं. चौदाव्या दिवशी रिकामी कळली तर रंग बघून परत भरवता येते, एकतीस दिवस वाट बघण्यात महिना जात नाही.

गाभ होता, मधेच गेला

लवकर गेलेला गाभ मादीच्या अंगातच जिरतो, बाहेर काहीच दिसत नाही, म्हणून चौदाव्या दिवशी गाठी लागल्या आणि पंचविसाव्या दिवशी पोट मोकळं, असं कोडं पडतं. शेवटच्या आठवड्यात गाभडली तर जाळीवर दिसतं. बुरशी लागलेला खुराक हे आपल्याकडचं मोठं कारण, विशेषतः पावसाळ्यात शेंगदाणा पेंड आणि मका. पोत्यात हात घालून बघा, गरम किंवा गोळे झालेलं, कुबट वासाचं असेल तर फेकून द्या, गाईला घालू असंही नको. बाकी ऊन, जोरात उचलणं, कुत्रं शेडमध्ये शिरणं, जवळ फटाके किंवा डीजे, अ आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता, आणि पिल्लं पाजत असलेल्या रोडावलेल्या मादीला लगेच परत भरवणं. व्यायल्यावर दुसऱ्याच दिवशी मादी नर घेते हे खरं, पण म्हणून भरवू नका, चार ते सहा आठवडे जाऊ द्या. एकाच वेळी बऱ्याच माद्या गाभडल्या तर ती साथ समजा, मेलेले गर्भ हातमोजे घालून पिशवीत बांधून पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासायला द्या, परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर, जे जवळ असेल ते.

व्यायली, पण पिल्लं जगली नाहीत

सशाचा गाभणकाळ साधारण ३१ दिवस, एक-दोन दिवस इकडं तिकडं. अठ्ठाविसाव्या दिवशी घरट्याची पेटी ठेवा, लाकडी, साधारण दीड फूट लांब आणि दहा इंच रुंद-उंच, मादी आत वळू शकेल पण लोळू शकणार नाही एवढी. आधी ठेवली तर ती तिथं घाण करते, उशिरा ठेवली तर पिल्लं जाळीवर टाकते. आत भाताचं नाहीतर गव्हाचं मऊ काड, वर ती स्वतःचे केस उपटून घालते. पहिलटकरीण केस उपटत नसेल तर तिच्या पोटाचे थोडे सैल केस तुम्हीच काढून घाला. ३३ वा दिवस उजाडला आणि पोटात पिल्लं लागतायत तर डॉक्टरांना बोलवा, कळा आणणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन स्वतःच्या मनानं टोचू नका, पिल्लू अडकलेलं असेल तर गर्भाशय फाटू शकतं.

पिल्लं खाल्ली म्हणून मादीला दोष देण्याआधी त्या रात्री पाणी होतं का ते बघा. विताना आणि दूध सुरू झाल्यावर मादीला भयंकर तहान लागते, मोठं वेत असलेली मादी दिवसाला एक लिटरच्या आसपास पाणी पिते. निपल तुंबलेलं, बाटली रिकामी, मांजर जाळीवर बसलेलं, शेजारी लग्नाचा बँड, माणसं सारखी पेटीत डोकावतायत, यातलं काहीतरी असतंच. पहिल्या वेताचं नुकसान झालं म्हणून काढू नका, दुसऱ्या, तिसऱ्या वेताला त्याच माद्या छान सांभाळतात.

मादी दिवसातून एकदाच, तीन ते पाच मिनिटं पाजते, तीही रात्री नाहीतर पहाटे, म्हणून "ही पिल्लांजवळ जातच नाही" हा तक्रारीचा विषयच नाही. पिल्लाचं पोट बघा. पाजलेलं पिल्लू गोल टरटरीत आणि शांत, कातडीतून पांढरं दूध दिसतं. उपाशी पिल्लू सुरकुतलेलं आणि हात लावला की वर उसळतं. सगळी उपाशी असतील तर मादीचे सड बघा, गरम, कडक, निळसर झाले असतील तर दगडी, म्हणजे सडांची सूज, आहे, आणि तिची पिल्लं दुसऱ्या मादीला लावू नका, रोग तिलाही जाईल. निरोगी मादीकडं पिल्लं जास्त झाली असतील तर मात्र जरूर वाटून द्या. सड साधारण आठ असतात, त्याहून जास्त पिल्लं असतील तर तीन दिवसांपेक्षा जास्त फरक नसलेल्या दुसऱ्या वेतात, त्या घरट्यातल्या केसांत घोळवून ठेवा. याचसाठी नेहमी दोन-तीन माद्या एकाच दिवशी भरवाव्यात.

जाळीवर गार पडलेलं पिल्लू मेलं म्हणून टाकू नका. कपड्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीजवळ ठेवा, अर्ध्या तासात हालचाल करणारी कितीतरी असतात, गरम झालं की मगच पेटीत. आणि मुंग्या, लाल मुंग्या एका रात्रीत अख्खं वेत संपवतात, पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा, मेलेलं पिल्लू आणि वारेचा तुकडा पेटीत राहू देऊ नका. घुशी आणि साप यांच्यासाठी खालची जाळी बारीक हवी.

एकाच घरातले नर-मादी

सात माद्या आणि तीन नर असं दहाचं युनिट विकायची आपल्याकडं पद्धत पडलीय आणि ती दहाही एकाच फार्ममधली, पुष्कळदा सख्खी भावंडं असतात. दोन-तीन पिढ्यांत वेतं लहान होतात, वाकड्या दातांची पिल्लं येतात, मेलेली पिल्लं वाढतात आणि लोक खुराक बदलत बसतात. नर दुसरीकडून आणा, शक्यतो वेगळ्या जिल्ह्यातून, कागदोपत्री आई-बाप विचारून. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी आणि लोकर संशोधन संस्था आहे, तिचं दक्षिणेचं केंद्र तमिळनाडूत कोडाईकनालजवळ मन्नवनूरला आहे, तिथं सशांवर काम चालतं, चांगल्या वाणाची चौकशी तिकडं करता येते. नवीन आणलेला नर तीन आठवडे वेगळा ठेवा, कानात खपल्या, पंज्यांवर खरूज, सर्दी काही नाही ना ते बघून मगच आत घ्या.

औषधांबद्दल, हे कृपा करून नीट वाचा

गाभ राहत नाही म्हणून मेडिकलमधून आणून औषध देऊ नका. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधं सशाला तोंडावाटे दिली तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जुलाब होऊन ससा जातो. सिफिलिसलाही पेनिसिलिनच चालतं, पण इंजेक्शनने आणि डॉक्टरांच्या हातून. खरजेला कुत्र्याचा फिप्रोनिलचा स्प्रे मारू नका, तो सशाला विषारी आहे. मादी नर घेते पण अंडी सुटत नसतील असा संशय असेल तर त्यासाठी हार्मोनचं इंजेक्शन असतं, ते मेटिंगच्या वेळीच आणि डोस ठरवून द्यायचं असतं. डॉक्टरांकडं जाताना मादीबरोबर तो नरही न्या आणि ती कार्डं न्या, मायक्रोस्कोपखाली वीर्य बघायला सांगा. शुक्रजंतू हलतायत की नाही ते तिथंच कळतं, आणि मग मादीबद्दल काय ते ठरवा.